दोन चंद्राबाई आणि एक वन्समोअर

माझ्या आयुष्यातल्या बाकी सगळ्या गोष्टी मी न विचारता लोकांना सांगत आलो आहे. माझ्या मुतखड्याच्या ऑपरेशनची हकीकत ठाऊक नाही असा माणूस निपाणीत शोधून सापडायचा नाही. ही एक गोष्ट मात्र विचारली तरी सांगितली नाही. नातवानं शाळेच्या कामासाठी विचारलं तेव्हा मला खोकल्याची उबळ आली. वर्तमानपत्राचा पोरगा मुलाखतीला आला तेव्हा मला ऐकू येईनासं झालं. म्हातारपणाच्या तोट्यांबद्दल सगळे बोलतात, या सोयींबद्दल कुणी बोलत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या वाचनालयात चंद्राबाईंच्या तसबिरीचं अनावरण माझ्या हस्ते झालं, आणि त्यानंतरही गप्प बसणं मलासुद्धा जरा जास्तच वाटू लागलं.

तसबिरीखाली पितळी पाटी होती : तंबाखूच्या वखारींतील स्त्रियांच्या हक्कांसाठी झटलेल्या चंद्राबाई. पडदा ओढला, तर वर दुसऱ्याच चंद्राबाई. नाटकातल्या. कुणीतरी जुना फोटो मिळवून कॉम्प्युटरवर त्यांच्या डोक्यावरचा मुकुट काढला होता, पण नथ काढायची राहून गेली होती, आणि डोळे अजून राणीसारखेच सभागृहावर रोखलेले होते. त्या हॉलमध्ये दोघींना पाहिलेला मी एकटा. मी काय केलं असेल? हार घातला. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "त्या ऐतिहासिक सभेला प्रत्यक्ष हजर असलेले आता हे एकटेच आपल्यात उरले आहेत." खोटं नव्हतं ते. हजर होतोच. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळाची चटणी झाली, शाल अजून वापरतो. चांगली उबदार आहे.

तर चंद्राबाई दोन होत्या. देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या एका हिवाळ्यात दोघी एकाच वेळी आमच्या गावात होत्या, आणि बाईला आडनाव असतं ही बातमी तोवर निपाणीपर्यंत पोचली नव्हती. एक चंद्राबाई संगीत नाटक कंपनीच्या नायिका. दुसऱ्या खानापूरकडच्या, बेळगावात मास्तरीण होत्या, नोकरी सोडून गावोगाव बायकांच्या सभा घेत हिंडायच्या. नाटकातल्या चंद्राबाईंसाठी आलेला हार चुकून सभेतल्या चंद्राबाईंच्या खोलीवर जायचा आणि सभेतल्या चंद्राबाईंना घातलेल्या शिव्या नाटकातल्या चंद्राबाईंच्या दारात पोचायच्या. पानाच्या ठेल्यावर आमच्या गावच्या विद्वानांनी या प्रश्नाचा निकाल लावला होता : दोघीही चार पुरुषांसमोर उभ्या राहून तोंड उघडतात, मग फरक तो कसला करायचा?

आमचं घर वखारीच्या मागच्या बोळात होतं. हंगामात बोळाची हवाच तपकिरी असायची. पाहुणे दारात पाऊल टाकताच शिंकत, आणि आई आत बसल्या बसल्या शिंकेवरून ओळखायची की हे बेळगावचे की संकेश्वरचे. दह्याच्या भांड्यावर दोन फडकी बांधली तरी दह्याला तंबाखूचा वास यायचाच. आम्हांला बिनवासाचं दही बाहेरगावी गेल्यावर पाणचट लागे. वखारीत बायका तोंडाला फडकं बांधून तंबाखू चाळायच्या. चाळणींचा तो खसखस आवाज दिवसभर भिंतीतून घरात यायचा, आणि संध्याकाळी एकदम थांबायचा. थांबला की आई बंबात लाकूड सारायची. कारण आता आप्पा येणार आणि त्यांना आंघोळीला पाणी लागणार.

आप्पा, म्हणजे माझे वडील, वखारीचे दिवाणजी. फार सोवळे माणूस. कामावरून सुटलेल्या बायका लुगड्यात तंबाखू लपवून नेतात असं मालकांचं म्हणणं होतं, म्हणून संध्याकाळी गेटावर एकेकीची झडती व्हायची. ती झडती आप्पा घ्यायचे. स्वतःच्या हातानं. असलं जोखमीचं काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही, इतके ते कर्तव्यदक्ष. आणि त्या बायकांना शिवल्यामुळे विटाळ होतो म्हणून घरी आल्यावर उंबरा ओलांडायच्या आधी मागच्या दारी आंघोळ करायचे, मग संध्या, मग जेवण. लहानपणी मला त्या बायकांचा राग यायचा. थंडीच्या दिवसांत माझ्या वडलांना रोज आंघोळ करायला लावतात म्हणून. पुढे मोठा झालो, काय ते कळलं, आणि कळलं नाही असं वागायलाही शिकलो. शिक्षण म्हणतात ते हेच असावं. मॅट्रिकला मी दोनदा बसलो होतो. तिथं मात्र काही शिकल्याचं आठवत नाही.

तुळसा त्याच वखारीत चाळणीवर होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, लग्न झालेली. सुट्टीच्या दिवशी आमच्या मागच्या पडवीत मिरच्या कांडायला यायची. आई तिला भाकरी आणि खर्डा वरून वाढायची, तीही वरचेवर झेलायची, आणि त्यातही काहीतरी गंमत करून आईला हसवायची. नकला करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. कांडता कांडता ती पोस्टमन व्हायची, कानडी मास्तर व्हायची, सासू व्हायची. "बाळासाब, ह्यो बगा तुमचा दोस्त मॅट्रिक हून आला," म्हणून माझ्या मित्राची चाल करून दाखवायची आणि मी हसून हसून खोकायचो. एकदा आई सहज म्हणाली, "तुळसा, यांची करून दाखव की गं एकदा. दिवाणजींची." तुळसाचं मुसळ वरच्या वर थांबलं. "ती नक्कल न्हाई जमत, वैनी," ती म्हणाली. आई लगबगीनं उठून आत गेली आणि कितीतरी वेळ भांडी घासत बसली. ती घासलेलीच होती.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक मोठं पद होतं. नाटक कंपनीच्या वन्समोअर टोळीचा मी पुढारी होतो. नव्या पोरांना हे सांगावं लागतं. नायिकेचं पद संपलं की प्रेक्षकांतून "वन्समोअर!" असा आवाज उठायचा आणि तिला ते पद पुन्हा म्हणावं लागायचं. जितके वन्समोअर तितकी कंपनीची इज्जत. प्रेक्षकांच्या रसिकतेवर विसंबून राहणं धोक्याचं, म्हणून मॅनेजरनं आम्हां रिकामटेकड्यांना फुकट पास दिले होते. एकदा आमच्या उत्साहापायी नायकाला एकाच प्रवेशात तीनदा मरावं लागलं. दर वेळी तो उठून बसायचा, गायचा, अंगरखा झटकायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. या कामाचंही तंत्र असतं. पद संपतं आणि बाई श्वास घ्यायला थांबते, ती जी फट असते तिच्यात आवाज गेला पाहिजे. आधी गेला तर पदाचा विचका, नंतर गेला तर तोवर टाळ्या घुसतात. माझा नेम कधी चुकला नाही. नाटकातल्या चंद्राबाई एकदा मॅनेजरला म्हणाल्या होत्या, "हा पोरगा माझ्या श्वासावर लक्ष ठेवून असतो." हे वाक्य मी गावभर सांगितलं. अजूनही सांगितलं असतं.

सभेतल्या चंद्राबाई बोळाबोळांतून हिंडत होत्या. जाडंभरडं पांढरं लुगडं, पायात वहाणा, मराठीतून कंटाळल्या की कानडीतून बोलायच्या. मागणी एकच : झडती घ्यायची तर घ्या, पण ती बाईनं घ्यावी. एवढंच. वखारवाल्यांनी डोक्याला हात लावला. आज झडतीला बाई मागतात, उद्या माणसासारखी वागणूक मागतील! बाजाराच्या दिवशी मैदानावर सभा ठरली. तिथं कुणीतरी बाईनं उभं राहून गेटावर काय होतं ते चारचौघांत सांगायचं आणि करणाऱ्याचं नाव घ्यायचं. एकीनं नाव घेतलं की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या चाळण्या खाली ठेवायच्या, असं बायकांत ठरलं होतं. पहिली कोण, यावर बरेच दिवस सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तुळसा म्हणाली, मी. हे मला आईच्या तोंडून कळलं. आई ते सांगताना तांदूळ निवडत होती आणि मान वर करत नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. चक्क कपबशीतून चहा दिला. "बाळू, तुमची टोळी नाटकाच्या तंबूत फार छान काम करते म्हणे," ते म्हणाले. "एका चंद्राबाईला दाद देता, दुसरीला का नको? हा दुजाभाव बरा नव्हे." सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. आप्पा शेजारी बसले होते. ते आपल्या नखांकडे बघत होते. दवंडीवाल्यालाही मालकांनीच सांगून ठेवलं होतं. त्यानं इमानदारीत गावभर ओरडून सांगितलं की उद्या मैदानावर चंद्राबाईंचा कार्यक्रम आहे, प्रवेश फुकट. त्यामुळे सभेला जी गर्दी लोटली ती आमच्या गावच्या इतिहासात अपूर्व होती, असं अध्यक्ष अनावरणाच्या भाषणात म्हणाले. अर्ध्या गर्दीच्या मनगटाला शेवंतीचे गजरे बांधलेले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

पुढे बायका बसल्या होत्या, पदर कपाळापर्यंत ओढून. मागे पुरुष. त्यांच्या मधोमध आमची टोळी. पांढऱ्या लुगड्यातल्या चंद्राबाई उभ्या राहिल्या तशी मागून निराशेची एक मोठी कुरबूर उठली. त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं : "बायांनो, तुम्ही चोर नाही." आणि त्या श्वासाला थांबल्या.

"वन्समोअर!" मी ओरडलो. टोळीनं साथ दिली. मैदान फुटेस्तोवर हसलं.

चंद्राबाईंनी हसणं संपू दिलं. मग तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "बायांनो, तुम्ही चोर नाही."

पुन्हा वन्समोअर. पुन्हा तेच वाक्य, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा आम्ही ओरडलो आणि तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मागं वळून म्हणाली, "ऐकलंसा काय रं मुडद्यांनो? न्हाई आमी चोर!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुरुषांतूनही काही वाजल्या. माझा मित्र माझ्या कानाशी लागला, "बाळ्या, बास कर. आपुनच तिचं भाषण रंगवायला लागलोय." आमची अख्खी टोळी फुकटात दुसऱ्या कंपनीच्या कामाला लागली होती. मी टोळीला खुणेनं गप्प केलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही त्या बाईचं कौतुक वाटलं. पुढं जे झालं ते झालं नसतं तर ही आठवण मी कधीच हसत हसत सांगून टाकली असती.

चंद्राबाईंनी तुळसाला बोलावलं. ती उभी राहिली. पदराचं टोक मुठीत होतं. तिचा नवरा कडेला एका बैलगाडीला टेकून उभा होता. मैदान शांत झालं. गजरेवालेसुद्धा शांत झाले. ती म्हणाली, "सांजच्याला गेटाव आमची झडती घेत्यात. झडतीच्या नावाखाली अंगाव हात फिरीवत्यात. लुगड्यात हात घालत्यात. रोज. समद्या जनींच्या. कोन बोलत न्हाई. म्या आज त्येचं नाव घेनार हाय."

आणि ती श्वासाला थांबली.

तोंडाला सवय होती म्हणून शब्द निघून गेला, असं मी स्वतःला जन्मभर सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलं. तिला ते पटलं, म्हणजे तिनं तसं दाखवलं. आज सांगतो : सवय नव्हती. मी पाहिलं की ती थांबली आहे. पुढचा शब्द कोणता येणार ते मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी त्या नावाच्या माणसाच्या आंघोळीचं पाणी आमच्या बंबात तापायचं. मी मालकांच्या बाजूला पाहिलं. तिथं आप्पा उभे होते, आणि ते माझ्याकडे बघत होते. मग मी ओरडलो. नेम नेहमीसारखाच अचूक होता.

"वन्समोअर!"

क्षणभर काही झालं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "परत सांग की गं! कुटं हात घालत्यात?" दुसरा म्हणाला, "करून दाव!" आणि सगळं मैदान वन्समोअर, वन्समोअर करत उसळलं. आमच्या टोळीची आता काही गरज उरली नव्हती. तुळसाचं तोंड उघडं होतं. अख्ख्या गावाचे आवाज काढणारी ती, तिला स्वतःचा काढता येईना. चंद्राबाई तिच्याकडे धावल्या, पण तोवर तिचा नवरा पोचला होता. त्यानं तिचा दंड धरला आणि तिला गर्दीतून ओढत नेलं. मग एकेक बाई उठली, पदर आणखी पुढं ओढून निघून गेली. नाव घेतलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चाळण्या चालू होत्या.

त्या संध्याकाळी आप्पांनी आंघोळ केली. वखार बंद होती, झडती झाली नव्हती, कुणाला शिवायचा प्रश्नच नव्हता, तरी केली. मग मला म्हणाले, "बस जेवायला." आईनं मला आमटी वाढली, भात वाढला, तूप वाढलं, सगळं व्यवस्थित. फक्त त्या दिवसापासून ती मला वाढताना माझ्या तोंडाकडे बघेनाशी झाली. तिला जाऊनही आता किती वर्षं झाली, पण जेवायला बसलं की मला ते आठवतं, आणि मी अजूनही दोन वेळा पोटभर जेवतो.

सकाळी मी बेळगावचा कुंदा घेऊन नाटकातल्या चंद्राबाईंच्या बिऱ्हाडी गेलो. सभेची हकीकत त्यांना कळली असेल, त्या हसतील, असं मला वाटलं होतं. ओसरीवर दोन्ही चंद्राबाई बसल्या होत्या. एकीच्या हातात चहाचा पेला, दुसरी भाकरी मोडत होती. नाटकातल्या चंद्राबाईंच्या तोंडाला रंग नव्हता. मी त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं.

"या, वन्समोअरवाले," त्या म्हणाल्या. "काल मीही होते सभेत. बायकांत बसले होते. माझ्या नावाची बाई काय बोलते बघावं म्हटलं."

मी कुंद्याचा पुडा पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"मला तुम्ही वन्समोअर देता तेव्हा माझ्या तोंडाला रंग असतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं तरी दुःख असतं, ते मी कितीदाही म्हणते. पोटासाठी म्हणते. त्या पोरीचं दुःख तिचं स्वतःचं होतं. तिला परत म्हणायला लावलंत? पास ठेवा इथं, आणि पुन्हा तंबूत दिसू नका."

मी पास ठेवला. सभेतल्या चंद्राबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता या बोलतील ते ऐकवणार नाही. पण त्यांनी साधंच विचारलं, "तुळसा कुठं आहे, ठाऊक आहे?"

"पहाटे नवऱ्यानं तिला माहेरी पाठवलं," मी म्हणालो. "गुंजीला."

"मग तू गुंजीला जा," त्या म्हणाल्या. "तिला वाटतंय अख्खं गाव तिला हसलं. तसं नाही झालं. सगळे ऐकत होते, आधी एकच जण ओरडला. तो कोण, हे तिला कळलं पाहिजे, आणि त्याच्याच तोंडून कळलं पाहिजे. म्हणजे ती परत येईल. माझ्या सांगण्यानं नाही यायची. जाशील?"

मी हो म्हणालो. अगदी मान खाली घालून, गळा दाटून वगैरे. घरी येताना कुंदा मीच खाल्ला.

गेलो नाही, हे सांगायला नकोच. आधी हंगाम होता, मग आप्पांना बरं नव्हतं, मग देश स्वतंत्र झाला आणि सगळे त्या गडबडीत. तुळसाच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली. दोन्ही चंद्राबाई आपापल्या वाटेनं गेल्या, आणि कुठली कुठे गेली हेही गाव लवकरच विसरलं. पुढं केव्हातरी गेटावर झडतीला बाई आली. आप्पांच्या सत्कारात या सुधारणेचा उल्लेख झाला.

मी गुंजीला गेलो ते आप्पा वारल्यानंतर, माझे केस पांढरे झाल्यावर. स्टेशनवरून घर दिसतं, असं एकानं सांगितलं, आणि दिसत होतं. तुळसा अंगणात फणसाचे गरे काढत होती. मला बघताच ओळखलं. "बाळासाब! अगं बाई, म्हातारं झालासा की वो!" भावाच्या सुनेला तिनं सांगितलं की हे निपाणीचे, यांच्या आईच्या हातचा खर्डा खाऊन मी वाढले. मला पाट दिला, पाणी दिलं, वरून नाही, हातात दिलं. वैनीबद्दल विचारलं. आप्पा गेले म्हटल्यावर एवढंच म्हणाली, "गेलं का." नकला करतेस का अजून, असं मी विचारलं. "न्हाई वो," ती म्हणाली. "माहेराला आल्यापास्नं न्हाई."

सून आत गेली. तुळसानं हाताचा चीक तेलानं पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"बाळासाब, त्या दिशी सभेत तुमी हुतासा न्हवं?"

"होतो."

"पयलं कोन वरडलं वो? मला आजून कळलं न्हाई बगा."

तिनं मिटवून टाकायला विचारलं की मला वाट करून द्यायला विचारलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गावातला प्रत्येक आवाज ओळखणारी बाई ती. तोंडात वाक्य तयार होतं. सगळ्या प्रवासात मी ते घोळवत आलो होतो : तुळसा, तो मी होतो, आप्पांचं नाव येऊ नये म्हणून ओरडलो, मला माफ कर. तिनं वाट पाहिली. श्वास रोखून.

"गर्दी फार होती, तुळसा," मी म्हणालो. "कळलं नाही."

तिनं पुढ्यातलं पान जवळ ओढलं. मग म्हणाली, "व्हय. गर्दी हुती." आणि गरे पानात बांधून माझ्या हातात दिले, गाडीत खायला.

गाडी उशिरा होती. फलाटावर मी एकटाच होतो. समोर तिचं घर, अंगणात ती, खाली वाकून काहीतरी झाडत होती. चालत गेलो असतो तर दोन मिनिटं लागली नसती. मी बाकावर बसलो, आणि ती आत गेली तरी बसून राहिलो, गाडी येईपर्यंत.